स्प्रिंगफिल्डची मोनोरेल: ‘द सिम्पसन्स’च्या एका गाजलेल्या भागाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा भाग नेमका कोणता?

‘द सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेच्या चौथ्या सीझनचा बारावा भाग, ‘मार्ज व्हर्सेस द मोनोरेल’. अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर तो १४ जानेवारी १९९३ रोजी पहिल्यांदा लागला. लेखन कोनन ओब्रायनचं, दिग्दर्शन रिच मूरचं. मालिका डिसेंबर १९८९ पासून चालू आहे, साडेसातशेच्या वर भाग होऊन गेलेत, तरी सगळ्यांत भारी भाग कोणता असा वाद निघाला की पाच मिनिटांत कुणीतरी मोनोरेलचं नाव काढतंच. तो कुणीतरी बहुतेक वेळा मीच असतो, त्यामुळे इथून पुढे तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका.

मी ही मालिका कधीच पाहिलेली नाही. थेट हाच भाग पाहिला तर चालेल का?

बिनधास्त. होमर हा बाप: आळशी, खादाड, अणुवीज केंद्रात नोकरीला. मार्ज ही आई, डोक्यावर निळ्या केसांचा मनोरा, घरात शुद्धीवर असलेली बहुधा एकटीच. बार्ट द्वाड, लिसा हुशार, मॅगी चोखणीवाली. वीज केंद्राचा मालक मिस्टर बर्न्स म्हणजे म्हातारा, कंजूष आणि दुष्ट. एवढ्या शिदोरीवर बावीस मिनिटं आरामात निघतात.

गोष्ट थोडक्यात सांगाल का? (शेवट फुटला तरी चालेल.)

बर्न्स अणुकचऱ्याची पिंपं बागेतल्या झाडांच्या ढोलीत कोंबताना पकडला जातो. बागच का, तर आधी तो कचरा जिथे टाकायचा त्या मैदानातली मुलं टकली व्हायला लागल्यामुळे लोकांना संशय यायला लागलेला असतो. न्यायालय त्याला तीस लाख डॉलर दंड करतं. बर्न्स तो खिशातल्या पाकिटातून भरतो, वर न्यायदेवतेचा पुतळाही विकत मागतो, आणि न्यायाधीश देतातही.

आता गावाकडे, म्हणजे स्प्रिंगफिल्डकडे, तीस लाख आहेत. करायचं काय? सभा भरते. मार्ज म्हणते मुख्य रस्त्याचे खड्डे बुजवा. लोक जवळजवळ तयार होतात. तेवढ्यात मागून शिट्टी वाजते, आणि लायल लॅनली नावाचा एक टापटीप परका माणूस उभा राहतो. दोन मिनिटांच्या गाण्यात तो सगळ्या गावाला मोनोरेल विकतो. होमर तीन आठवड्यांचा अभ्यासक्रम उरकून तिचा चालक होतो. मार्जला संशय येतो, ती लॅनलीने आधी गंडवलेल्या गावात जाऊन येते, पण इकडे उद्घाटन होऊन गाडी सुटलेलीही असते, आणि ती काही केल्या थांबत नाही. शेवटी होमर गाडीवरचं धातूचं ‘एम’ अक्षर उपटून दोराला बांधतो, जहाजाच्या नांगरासारखं खाली फेकतो आणि ते एका दुकानावरच्या अवाढव्य डोनटमध्ये अडकतं. गाव वाचतं, डोनटवरची होमरची श्रद्धा दुणावते.

सुरुवातीला होमर गाडीत गात जातो ते काय आहे?

‘द फ्लिंटस्टोन्स’ला केलेला नमस्कार. ती १९६० ते १९६६ या काळातली कार्टून मालिका, अश्मयुगातल्या कुटुंबाची. तिच्या सुरुवातीला भोंगा वाजतो आणि नायक डायनासोरच्या पाठीवरून घसरत थेट गाडीत. होमरही तसाच खिडकीतून निघतो, स्वतःच्या नावाचं गाणं म्हणतो आणि शेवटच्या ओळीला गाडी झाडावर घालतो. संध्याकाळी टीव्हीवर कुटुंबाचं कार्टून दाखवण्याची वाट ज्या मालिकेने पाडली तिची आठवण काढून लगेच झाडावर आपटायचं, हे या मंडळींच्या स्वभावाला धरूनच आहे.

सभेचा प्रसंग एवढा का गाजला?

माझ्या मते सगळा भागच त्या प्रसंगात आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

आधी प्रस्ताव बघा. वाणसामानाचं दुकान चालवणारा अपू म्हणतो, पोलीस वाढवा. या वर्षात मला आठ वेळा गोळी लागली आणि त्यापायी कामाचा एक दिवस बुडता बुडता राहिला. त्यावर पोलीसप्रमुख विगम ओरडतो, “रडूबाई!” मग बर्न्स खोट्या मिश्या लावून येतो, स्वतःचं नाव ‘स्नरब’ म्हणून सांगतो (बर्न्स उलटं वाचा), कुठून आलात तर “कुठूनतरी लांबून”, आणि सुचवतो की हे पैसे अणुवीज केंद्रातच गुंतवावेत. त्याचा सहायक स्मिदर्स मागून दाद देतो. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघाला की ज्यांच्या मेव्हण्याचा टाक्यांचा धंदा आहे ते गृहस्थ असेच अगदी त्रयस्थ चेहऱ्याने उभे राहतात. मिश्या तेवढ्या खऱ्या.

मग मार्ज उठते. तिच्याकडे भाषण नाही, चाल नाही. रस्ता फुटलाय, दुरुस्त करा, एवढंच. कंटाळवाणं आणि बरोबर.

आणि मग लॅनली. तो पहिला डाव टाकतो तो अपमानाचा: पैसेवालं गाव म्हणजे चरखा मिळालेलं खेचर, चरखा आला कुठून हे कुणाला ठाऊक नाही आणि चालवायचा कसा हे खेचराला ठाऊक नाही. लोक हसतात, आपल्यालाच खेचर म्हटलंय हे विसरून. दुसरा डाव शेजाऱ्याचा. माझ्याकडे एक कल्पना होती खरी, पण जाऊ द्या, ती तुमच्यापेक्षा शेल्बीव्हिलला शोभेल. शेल्बीव्हिल म्हणजे शेजारचं गाव, पिढीजात वैर. महापौर क्विंबी तिथेच गळाला लागतो. तिसरा डाव नावांचा: ब्रॉकवे, ऑग्डेनव्हिल, नॉर्थ हेव्हरब्रुक, या सगळ्यांना मी मोनोरेल दिली आणि ती गावं नकाशावर आली. नकाशावर आहेत का हे बघायला कुणी जात नाही. मार्ज जाते, पण बऱ्याच उशिरा.

मग गाणं. आपल्याकडच्या तमाशातला सवाल-जवाब आठवा. गावकरी सवाल टाकतात, लॅनली यमकात जवाब देतो. आवाज फार होतो म्हणे? ढगासारखी तरंगत जाते. रूळ वाकला तर? शक्यच नाही. आमच्यासारख्या बिनडोक लोकांचं काय? तुम्हाला आरामाच्या नोकऱ्या. तुला सैतानाने पाठवलंय का रे? नाही हो आजोबा, माणूस सरळ आहे मी. प्रत्येक शंका खरी आहे आणि एकाही शंकेला उत्तर मिळालेलं नाही, फक्त यमक मिळालंय. कानाला ते पुरतं. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात ते हेच. विगमच्या डब्याची कडी तुटते तेव्हा लॅनली खिशातला चाकू काढून देतो. अख्ख्या गाण्यात त्याने कुणाचं खरंच काम केलं असेल तर हे एवढंच.

शेवटी मार्ज म्हणते, पण रस्ता तर अजून फुटलेलाच आहे. तिला गप्प करतो तो लॅनली नव्हे, बार्ट. पोटचा पोरगा. जमावाचा निकाल लागलाय, आई, सॉरी.

लिसा एवढी हुशार, मग ती कशी फसली?

फसली नाही, विरघळली. लॅनली शाळेत येतो तेव्हा ती अगदी मुद्द्याचा प्रश्न विचारते: सगळी वस्ती एकाच ठिकाणी असलेल्या छोट्या गावाला असली वाहतूक हवीच कशाला? तो म्हणतो, उत्तर देतो, पण ते समजेल फक्त तुला आणि मला, तुझ्या बाईंनाही नाही. लिसा लाजून खुदकन हसते आणि खाली बसते. मूर्खांना गाण्याने गुंडाळलं, हुशार मुलीला तिच्या हुशारीने. लेखकाने आपल्या सगळ्यांत शहाण्या पात्रालाही सोडलं नाही, हे मला फार आवडतं.

त्या गाण्याची कल्पना ‘द म्युझिक मॅन’वरून घेतली आहे का?

हो, उघडउघड. ‘द म्युझिक मॅन’ हे मेरेडिथ विल्सनचं संगीत नाटक, १९५७ साली ब्रॉडवेवर आलं आणि १९६२ मध्ये त्याचा चित्रपट झाला. त्यात हॅरोल्ड हिल नावाचा फिरता भामटा आयोवातल्या एका गावात शिरतो, तुमची मुलं बिघडत चाललीत अशी भीती घालतो आणि उपाय म्हणून बँडची वाद्यं आणि गणवेश विकतो. लॅनलीचा कोट, टोपी, अर्धं बोलत अर्धं गात जायची ढब, सगळं तिथून आलंय. फरक एकच, आणि तो मोठा आहे: हॅरोल्ड हिल प्रेमात पडतो आणि सुधारतो. लॅनली पैशांच्या पिशव्या घेऊन ताहितीच्या विमानात बसतो.

अमेरिकन प्रेक्षकाला ही नक्कल पहिल्या ओळीलाच कळते. आपल्याला ते नाटक ठाऊक नसलं तरी फार बिघडत नाही. गावात येऊन औषध विकणारा, मैदानात गोल धरून बोलणारा माणूस आपण पाहिलेला असतो.

लेखक कोनन ओब्रायन म्हणजे तोच का, मुलाखतींचा कार्यक्रम करणारा?

तोच, उंच, लाल केसांचा. तेव्हा तो पडद्यामागचा लेखक होता. लॉस एंजलिसमध्ये एका होर्डिंगवर नुसतं ‘मोनोरेल’ एवढंच लिहिलेलं त्याने पाहिलं, पुढेमागे काही खुलासा नाही, आणि तिथून हे सुचलं असं तो सांगतो. तेव्हा मालिकेची सूत्रं अल जीन आणि माइक रीस यांच्या हातात होती. त्यांना कल्पना जरा अतीच वाटली. पण जेम्स ब्रूक्स या निर्मात्याला ती ऐकताक्षणी पसंत पडली, आणि काम झालं.

१९९३ च्या सप्टेंबरात कोनन एनबीसीवर ‘लेट नाइट’चा सूत्रसंचालक झाला आणि सिम्पसन्स सुटलं. दिग्दर्शक रिच मूरही पुढे मोठा झाला: ‘रेक-इट राल्फ’ त्याचा, आणि ऑस्कर मिळवणाऱ्या ‘झूटोपिया’च्या दोन दिग्दर्शकांपैकी तो एक.

पाहुणा म्हणून लिओनार्ड निमॉयच का?

आधी विचारणा झाली होती जॉर्ज टाकेईला. तोही निमॉयसारखाच ‘स्टार ट्रेक’ या अंतराळ मालिकेतला. पण टाकेईने लॉस एंजलिसच्या सार्वजनिक वाहतुकीच्या संचालक मंडळावर काम केलेलं होतं, त्यामुळे सार्वजनिक वाहतुकीची टिंगल त्याला नको होती. नकाराची इतकी सभ्य कारणं फार थोड्यांकडे असतात. मग त्या मालिकेतल्या स्पॉकच्या भूमिकेने अमर झालेला निमॉय स्वतःचीच भूमिका करायला आला.

त्याचं इथलं काम म्हणजे काहीही न करणं. महापौर त्याला ओळखत नाही, भलत्याच मालिकेतलं वाक्य त्याला ऐकवतो. गाडी सुसाट सुटलेली असताना निमॉय ग्रहणाकडे बघत विश्वाच्या नृत्याबद्दल गंभीर आवाजात बोलतो, आणि शेजारचा प्रवासी विचारतो, कुणी जागा बदलून घेणार का? शेवटी “माझं इथलं काम झालं” म्हणतो. दारुडा बार्नी म्हणतो, काम? तू तर काहीच केलं नाहीस! निमॉय हसतो आणि स्टार ट्रेकच्या थाटात चमचमत अदृश्य होतो. उद्घाटनाला बोलावलेल्या सेलिब्रिटीचं इतकं अचूक चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

लॅनलीचा आवाज कुणाचा?

फिल हार्टमनचा. वकील लायनेल हट्झ आणि जुना नट ट्रॉय मॅक्लूर ही मालिकेतली पात्रंही त्याचीच. मे १९९८ मध्ये त्याचा खून झाला. त्यानंतर त्या दोन पात्रांना दुसरा आवाज न देता निर्मात्यांनी त्यांना कायमची विश्रांती दिली.

अपूबद्दल भारतीय प्रेक्षक म्हणून काय वाटतं?

या भागात तो आठ गोळ्यांचा विनोद करतो तेव्हा हसूच येतं, कारण विनोद त्याच्यावर नसून दुकानदाराच्या कामसूपणावर आणि निर्लज्ज पोलिसावर आहे. गाण्यात मात्र लॅनली त्याला ‘हिंदू मित्रा’ म्हणून एका ओळीत उडवून लावतो, तिथे जरा खुपतं. रूळ वाकेल का, हा सभेतला सगळ्यांत तांत्रिक प्रश्न आहे आणि तो अपूचा आहे, हेही कुणी लक्षात घेत नाही. मोठा वाद आवाजाचा. अपूला आवाज हँक अझारिया या गोऱ्या नटाचा. भारतीय वंशाचा अमेरिकन विनोदवीर हरी कोंडाबोलू याने २०१७ मध्ये ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ हा माहितीपट केला. अमेरिकेत वाढणाऱ्या भारतीय मुलांना शाळेत या आवाजावरून कसं चिडवलं जायचं ते त्यात आहे. २०२० च्या सुरुवातीला अझारियाने ती भूमिका सोडली. इथे बसून आपण अपूवर हसतो ते आपल्याला कुणी त्या नावाने हाक मारत नाही म्हणून. न्यू जर्सीत वाढलेल्या माझ्या भाच्याला तो विनोद वेगळा ऐकू येतो, आणि त्याच्याशी मी वाद घालत नाही.

हा भाग सगळ्यांनाच आवडला होता का?

अजिबात नाही. लिसाला आवाज देणाऱ्या यर्डली स्मिथने १९९५ च्या एका मुलाखतीत हा आमच्या सगळ्यांत वाईट भागांपैकी एक आहे आणि आम्हा सगळ्या कलाकारांचं त्यावर एकमत आहे असं म्हटलं होतं. तक्रार समजण्यासारखी आहे. तोवरची मालिका बरीचशी घराच्या चौकटीत होती. बाप-मुलगी, नवरा-बायको, शाळा. इथे सैल सुटलेली रेल्वे, ग्रहण, हवेत विरघळणारा नट. पुढच्या काळात मालिका अतरंगी झाली तिचं बीज इथे आहे असं कुणी म्हटलं तर मी नाही म्हणणार नाही. पण इथे अतरंगीपणाच्या खाली एक खड्डेवाला रस्ता आहे. नंतरच्या बऱ्याच भागांत तो नसतो.

हे पाहताना मुंबईच्या मोनोची आठवण येणं बरोबर आहे का?

चेंबूरच्या माणसाला तरी दुसरं काही आठवणं अवघड आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये चेंबूर ते वडाळा मोनो सुरू झाली तेव्हा मीही रांगेत होतो. तिकीट पाच रुपयांपासून, गाडी दुपारी तीनपर्यंतच. माझ्या पुढच्या कुटुंबाने डबा आणला होता. वडाळ्याला काम कुणालाच नव्हतं, सगळे जाऊन परत येणार होते. वळणावर गाडी कलली तेव्हा डब्यातल्या पोरांनी एकसुरात ‘हूऽऽ’ केलं आणि मला स्प्रिंगफिल्ड ऐकू आलं.

तरीही मुंबईची मोनो कुणा लॅनलीने गाऊन विकली असं म्हणणं अन्यायाचं होईल. लिसाचा प्रश्न इथे उलटा होतो. वस्ती आणि गर्दी इथे हवी तेवढी, पण ती गाडी जिथून जिथे जात होती तिथून तिथे जायचं कुणाला होतं? पुढचा टप्पा, म्हणजे वडाळ्याहून संत गाडगे महाराज चौकापर्यंतचा, यायला मार्च २०१९ उजाडला. मधे नोव्हेंबर २०१७ मध्ये म्हैसूर कॉलनी स्थानकात रिकाम्या गाडीला आग लागली आणि सेवा पुढच्या सप्टेंबरपर्यंत बंद राहिली. १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात लोकल बंद पडल्या, लोक मोनोत घुसले, आणि भाराने वाकलेली गाडी म्हैसूर कॉलनीजवळच अडकली. पाचशेंहून जास्त प्रवाशांना अग्निशमन दलाने शिड्या लावून उतरवलं. २० सप्टेंबर २०२५ पासून सेवा सुधारणेसाठी थांबवण्यात आली. अकरा वर्षं रिकामी धावलेली गाडी पहिल्यांदा खच्चून भरली आणि त्याच दिवशी दमली, हा योग कोननलाही सुचला नसता.

खरी मोनोरेल भागात दाखवलीय तशी बेफाम सुटू शकते का?

नाही. खऱ्या गाड्यांचे ब्रेक अशा रीतीने बसवलेले असतात की यंत्रणा निकामी झाली तर ते आपोआप लागतात. खरी मोनो सुटत नाही, अडकते, आणि अडचण तिथेच आहे. एकाच तुळईवर बसलेल्या गाडीला बाजूला बहुतेकदा पायवाट नसते, त्यामुळे मधेच थांबली तर उतरायचं कुठे? मार्ग बदलायचा तर अख्खी जाडजूड तुळई सरकवावी लागते. शिवाय एका बनावटीची गाडी दुसऱ्याच्या तुळईवर चालेलच असं नाही, मग सुटे भाग मिळेनासे झाले की चालत्या गाड्या एकेक करून कमी होतात.

मोनोरेल म्हणजे फसवणूक असंही नव्हे. जर्मनीत वुपरटालची लोंबकळती गाडी १९०१ पासून लोकांना कामावर पोचवतेय, टोकियोची हानेदा विमानतळाची मोनो १९६४ पासून. सिडनीची मात्र १९८८ मध्ये सुरू होऊन २०१३ मध्ये मोडीत निघाली.

भागातली गाडी सौरऊर्जेवर चालते. मधेच खग्रास ग्रहण लागतं, गाडी थांबते, सगळे सुटकेचा श्वास सोडतात, आणि ग्रहण सुटतं.

लॅनलीचं शेवटी काय होतं?

ताहितीला न थांबता जाणारं विमान अचानक नॉर्थ हेव्हरब्रुकला दोन मिनिटं थांबतं. एवढं पुरतं. तिथले लोक विमानात शिरतात. आधी मार्ज त्या गावात गेली तेव्हा हेच लोक मोनोरेलच्या पाट्यांखाली उभं राहून सांगत होते, इथे मोनोरेल नाही आणि कधी नव्हतीच.

लहान मुलांबरोबर पाहावा का?

दहा-बाराच्या पुढच्या मुलांबरोबर खुशाल. चित्रं कार्टूनची असली तरी मालिका मुलांसाठी म्हणून लिहिलेली नाही. सुरुवातीचे सीझन चौकोनी पडद्याचे आहेत. चित्र रुंद करून दाखवत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन मूळ आकार निवडा, नाहीतर वरचे-खालचे विनोद कापले जातात.

दुसऱ्यांदा पाहताना काय काय सापडतं?

पहिल्या वेळी गाण्याच्या नादात सुटतात अशा तीन-चार जागा. गाडीतली आग विझवायचं कपाट होमर उघडतो तर आत मुंगसाएवढ्या प्राण्यांचं बिऱ्हाड, आणि होमरला ते आधीपासून माहीत आहे. थोरल्याचं नावही त्याने ठेवलंय. रेडिओवर मार्ज सांगते, तुला वाचवायला एक माणूस आलाय. होमर आशेने विचारतो, बॅटमॅन? नाही, शास्त्रज्ञ आहे. होमर म्हणतो, बॅटमॅन शास्त्रज्ञच असतो.

हा शास्त्रज्ञ म्हणजे सेबॅस्टियन कॉब, लॅनलीच्या पहिल्या मोनोरेलचा पस्तावलेला अभियंता. मार्ज त्याला घेऊन जिवाच्या आकांताने गाडी पळवत स्प्रिंगफिल्डला पोचते, तोवर मोनोरेल सुटलेली असते. कॉब माफी मागतो: वाटेत केस कापायला थांबायला नको होतं.